तव्यावरचे दोन थेंब

आमच्या घरात कोणतीबी वस्तू आधी मोनालीच्या पप्पांच्या नाकाखालून जायची, मंग आमच्या हातात यायची. दूध, कोथिंबीर, नवी वही, धुऊन वाळलेली चादर, सगळं. मोना झाली तेव्हा नर्सबाईनं लेकरू त्यांच्या हातात दिलं. बाकीचे बाप तोंड बघतात, रंग बघतात. ह्यांनी आधी तिची टाळू हुंगली. माझी सासू तिथंच म्हणली, अगं बया, हा लेकराला पण पास-नापास करून राह्यला का काय. टाके दुखत होते तरी मला हसू आवरलं न्हाई.

त्यांचं नाव धम्मपाल. जालन्याची एमआयडीसी म्हणलं की लोकांना लोखंडाच्या मिला आठवतात, न्हाईतर बियाण्याच्या कंपन्या. त्या मिलांच्या मागच्या गल्लीत दहा-बारा माणसांचा एक एसेन्सचा कारखाना हाये, तो कोणाच्या गिनतीत न्हाई. पण खारीचा लोण्याचा वास, आइसकांडीचा आंब्याचा, टोस्टचा इलायचीचा, हे सगळं तिथून जातं. त्या खारीत लोणी नसतं, बरं का. असतो तो आमच्या ह्यांच्या हातचा वास. लग्नानंतर हे कळलं तेव्हा मला कोणीतरी फसवल्यासारखं वाटलं, कारण माहेरी परतूरला मी ती लोण्याची खारी म्हणून चहात बुडवून चवीनं खायचे.

तिथं ते लागले फिटर म्हणून. आयटीआय केल्तं. मशीनचा पट्टा बदलता बदलता एक दिवस म्हणले, शेठ, ह्या पिंपात व्हॅनिला जास्ती पडलं. शेठनं आधी झिडकारलं, मंग तपासलं, तर बराबर निघालं. त्या दिवसापासून हातातला पाना गेला अन् नाकाची नोकरी सुरू झाली. कागदाची पट्टी बुडवून वास घ्यायचा, हे तर कोणीबी करतं. ह्यांची परीक्षा तव्यावर असायची. वास थंड असताना एक असतो अन् भट्टीत गेल्यावर दुसरा होतो, म्हणून प्रत्येक मालाचे दोन थेंब तापल्या तव्यावर टाकायचे, वर तोंड नेऊन उठलेली वाफ छातीभर ओढायची आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. दिवसातून वीसदा, तीसदा. ही तव्याची रीत ह्यांनीच काढली. शेठला ती लई आवडायची, गिऱ्हाईक आलं की मुद्दाम करून दाखवायला लावायचे.

बावीस वर्षांत त्यांचा निकाल चुकला न्हाई. वासाच्या बाबतीत 'मला माहीत न्हाई' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले न्हाईत. त्यांना त्याचा गर्व होता, अन् खरं सांगायचं तर मलापण होता. शेजारच्या बाया तुपात भेसळ हाये का ते विचारायला वाटी घेऊन यायच्या, तेव्हा मी दारात अशी उभी राहायचे की जसं काय नाक माझंच हाये.

संध्याकाळी मोटारसायकल थांबली की त्यांच्या आधी त्यांच्या शर्टाचा वास घरात यायचा. लोणी, व्हॅनिला, थोडी जळकी साखर. लहानपणी मोना तो शर्ट पांघरून झोपायची. मी धुवायला काढला की रडून रडून घर डोक्यावर घ्यायची. मी अंगणवाडीत मदतनीस, पन्नास लेकरांची खिचडी रांधून आलेली बाई, मला कुठं एवढा दम. एक धपाटा घालायचे अन् शर्ट परत द्यायचे.

तीच मोना आता वीस वर्षांची झाली. पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. मैदानात पोरींना आठशे मीटर पळावं लागतं, दोन मिनिटं पन्नास सेकंदांत आलं तर पुरे मार्क. तिला दोन पंचावन्न लागायचे. पाच सेकंद फक्त. त्या पाच सेकंदांपायी आमच्या घरात साखर बंद, तेलकट बंद, रात्रीचा टीव्ही बंद. माझ्या माहेरी न् सासरी मिळून अजून कोणी वर्दी घातलेली न्हाई. ती पोरगी पहाटे बूट बांधायला बसली की मी चहा गॅसवर सोडून तिच्याकडं बघत राहायचे.

जानेवारीत एक दिवस तिची ट्रॅकपँट धुवायला घेतली तर खिशात एक गुलाबी कांडी सापडली. वहीत खुणा करायचा जाड पेन असतो ना, तेवढी. हुंगली, तर ह्यांच्या शर्टाचा वास. मला वाटलं कारखान्यातला नमुना असंल, म्हणून टेबलावर ठेवली. मोना आंघोळ करून आली अन् तिनं ती झडप घालून उचलली, तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दार लावून घेतलं, म्हणलं बोल. मंग बोलली. त्याला व्हेप म्हणतात. आत बॅटरी असते, रस गरम होतो, त्याची वाफ ओढायची. भरतीच्या अकादमीतल्या दोन-तीन पोरी घेतात. गोड खाण्याची आठवण मरते, भूक मरते, वजन आटोक्यात राहतं. आणि मम्मी, तंबाखू न्हाई त्यात, शप्पथ.

आमच्या घरात तंबाखूची पुडी कधी आली न्हाई. माझ्या सासऱ्यांनी पंचशील नुसतं म्हणलं न्हाई, पाळलं. मजुरीच्या कामावर सगळे चुना मळत बसायचे तेव्हा ते लांब जाऊन पाणी प्यायचे. म्हणून तंबाखू न्हाई म्हणल्यावर माझा अर्धा राग तिथंच उतरला. उरलेल्या अर्ध्यासाठी म्हणलं, येऊ दे तुझ्या पप्पाला.

पप्पा आले. कांडी हातात घेतली, उलटीसुलटी केली, दोनदा हुंगली. मोनानं एक झुरका मारून वाफ सोडली, ती पण हुंगली. मंग बोटांवर मोजून सांगायला लागले. लोण्याचं हाये, व्हॅनिला हाये, जळकी साखर हाये. खालचा मूळ अर्क तर आपल्या कारखान्यातलाच दिसतो.

"सगळं खायचंच हाये, बेबी," मला म्हणले. "ह्यानं काय होत न्हाई."

मी म्हणलं, पण अंगणवाडीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं, हे विकायला बंदी हाये. ते म्हणले, बंदी तंबाखूवाल्याला असंल. मोना माझ्याकडं बघून अशी हसली की मी तोंड फिरवून पीठ मळायला बसले. माझी जीभ गल्लीत प्रसिद्ध हाये, सरपंचाला पण मी सोडत न्हाई. पण त्या दिवशी नाकाचा निकाल लागल्ता अन् त्या निकालापुढं मी गप्प बसले. ह्या गोष्टीचा राग मला ह्यांच्यापेक्षा माझा जास्ती येतो.

ह्यांचा खोकला तेव्हाच सुरू झालेला होता. कोरडा, कफ न्हाई, ताप न्हाई. मी म्हणायचे मिलचा धूर हाये. आमच्याकडं कोणालाबी खोकला झाला की मिलचा धूर, हे ठरलेलं. जवळच्या डॉक्टरनं दमा म्हणून पंप दिला. तो चार महिने ओढला, फरक शून्य. यंदा बुद्धपौर्णिमेला हे नेहमीसारखे पंचशील ध्वज बांधायला गच्चीवर निघाले आणि जिन्याच्या सहाव्या पायरीवर खाली बसले. ध्वज मांडीवर. एकोणपन्नास वर्षांचा माणूस. मी खालून हाका मारून राह्यले, अन् त्यांना हो म्हणायलापण श्वास पुरेना. तो झेंडा शेवटी मोनानं वर नेऊन बांधला.

मंग मी कोणाचं ऐकलं न्हाई, संभाजीनगरला छातीच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. एका मशीनच्या नळीत त्यांनी ह्यांना जोरात फुंकायला लावलं. मंग पंप देऊन थोड्या वेळानं परत फुंकायला लावलं. आकडा होता तिथंच राह्यला. दमा असता तर पंपानं वाढला असता, बाई म्हणल्या. छातीचा मोठा फोटो काढला. मंग पेन खाली ठेवून विचारलं, काम काय करता?

ह्यांनी सांगितलं, अन् सांगताना अंगात तेच जुनं वारं आलं. पट्टी सांगितली, तवा सांगितला, वाफ छातीभर कशी ओढायची ते डोळे मिटून करून दाखवलं. बाई बघतच राह्यल्या. मंग एक एक शब्द सावकाश सांगितला. त्या लोण्याच्या वासात एक रसायन असतं. पोटात गेलं तर चालतं. पण वर्षानुवर्षं त्याची वाफ श्वासात गेली तर छातीच्या आतल्या बारीक नळ्यांना जखमा होतात, जखमा भरताना नळ्या आवळत जातात. दुसऱ्या देशात पॉपकॉर्नच्या कारखान्यांतल्या कामगारांना असंच झालेलं हाये. जे आवळलं ते परत मोकळं होत न्हाई. ती वाफ सुटली तर उरलेलं टिकंल.

ह्यांना ते पटेना. परत परत एकच म्हणून राह्यले, पण मॅडम, ते तर खायचं हाये. त्यावर बाई म्हणल्या, खाण्यासाठी तपासलंय काका, श्वासासाठी कोणी तपासलं न्हाई. पोट वेगळं, फुप्फुस वेगळं. पोटात गेलेल्या गोष्टीला गाळायला शरीराकडं सोय असते, श्वासात गेलेलं थेट जाऊन बसतं.

मंग ह्यांनी खुर्ची पुढं ओढली. आवाज इतका लहान झाला की मलापण जवळ सरकावं लागलं. विचारलं, मॅडम, ती व्हेप म्हणून कांडी असते, तिच्यात पण हाच वास असतो. ते कोणी ओढत असंल तर?

इतका वेळ मी नवऱ्याच्या छातीचं ऐकत होते. ह्यांचं ध्यान कधीच घरी मोनापाशी पोहोचलेलं होतं.

बाईंनी भीती घातली न्हाई, हे मला मान्य करावं लागंल. म्हणल्या, काही रसांत हे रसायन सापडलंय, काहींत न्हाई. तुमच्याएवढं घेतलं तर तुमच्याएवढं होईल, असं मी सांगू शकत न्हाई. दालचिनीच्या, दुसऱ्या वासांच्यापण तक्रारी आहेत. तंबाखू न्हाई म्हणून विकतात, पण तंबाखूतलं निकोटिन पुष्कळदा निघतं, त्यामुळं सवय सुटत न्हाई. बंदीचा माल, कोणी कुठं भरला, कळायला मार्ग न्हाई. वीस वर्षांनी त्या पोरांच्या छातीचं काय होईल, मला माहीत न्हाई. आणि मला माहीत न्हाई, म्हणूनच मी ओढू नका म्हणते.

एवढी शिकलेली बाई, भिंतीवर एवढी सर्टिफिकिटं, अन् माहीत न्हाई म्हणताना तिला जरापण कमीपणा वाटला न्हाई. मी ते मनात ठेवलं.

येताना बसमध्ये हे खिडकीकडं तोंड करून बसले. बदनापूर मागं पडलं. मंग एकदम म्हणले, "ती कांडी म्हणजे तवाच हाये, बेबी. दोन थेंब, खाली आच, वर तोंड. मी हातात धरून बघितलं अन् मला तवा ओळखू आला न्हाई." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मी पदर पुढं केला, दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी ते शेठकडं गेले. शेठ वाईट माणूस न्हाई. त्यालापण कोणी सांगितलं नव्हतं अन् त्यानं विचारलंपण नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा कागद त्यानं दोनदा वाचला. आता तिथं वाफ ओढणारे पंखे बसलेत, पिंपांना झाकणं आलीत, तव्याची परीक्षा बंद झाली. ह्यांना माल पाठवायच्या कामावर घेतलं, बाहेरच्या शेडमध्ये. तवा ते घरी घेऊन आले. मी म्हणलं, ह्यावर मी पोळी करणार न्हाई. मोरीच्या वरच्या फळीवर पडून हाये.

मोनाला सांगणं सोपं जाईल असं मला वाटल्तं. तर पोरगी हटून बसली. पप्पा बावीस वर्षं वाफेत होते, मी सहा महिन्यांची, माझं काय होतंय? भरती झाली की सोडते. आणि पप्पाच म्हणल्ते, ह्यानं काय होत न्हाई. हे शेवटचं तिनं ओरडून न्हाई सांगितलं, साधं सांगितलं, म्हणून जास्त लागलं. मी दोनदा कांडी हिसकून घेतली, दोनदा नवी आली. मैदानावर वेळ मागं सरकून राह्यली होती, दोन पंचावन्नचे तीन मिनिटं झाले, मंग तीन मिनिटं चार सेकंद. अकादमीचे सर म्हणायचे खाणं कमी पडतंय. चाचणीला महिना राह्यलेला. मला रात्रंदिवस एकच दिसायचं, माझी पोरगी त्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसलेली.

जूनमध्ये एका सकाळी हे तिच्या आधी उठून बूट घालून बसले. मोनाला म्हणले, मी येतो मैदानावर. मीपण निघाले, कारण माझा दोघांवरपण भरोसा नव्हता.

मैदानावर पोरी अजून जमायच्या होत्या. हे मोनाला म्हणले, "एक चक्कर चाल माझ्यासंगं. पळू नको, नुसतं चाल." ती चालली. मी दोन पावलं मागं. पहिल्या वळणावर ह्यांचा वेग कमी झाला. दुसऱ्या वळणाच्या आधीच ते थांबले अन् गुडघ्यावर हात टेकून वाकले. मोना पाठीवर हात ठेवायला जवळ गेली. घरात टीव्ही असतो, मिक्सर असतो, माझं तोंड असतं. मैदानावरच्या शांततेत तिनं तो आवाज पहिल्यांदा जवळून ऐकला. आतून बारीक शिट्टी वाजून राह्यली होती, प्रत्येक श्वासाला.

हे वाकलेलेच राह्यले. दोन शब्द, मंग श्वास, मंग दोन शब्द.

"ऐकलं का? हे खाऊन न्हाई झालं, मोना. हुंगून झालं. खायचं हाये म्हणलो मी, ते बराबर होतं. पण तू खात नव्हतीस. चूक माझ्या नाकाची हाये, तुझी न्हाई."

मोना खाली बसली, त्या मातीच्या ट्रॅकवर. मला वाटलं आता परत वाद घालते. पण तिचा चेहरा लहानपणीसारखा झाल्ता.

"बाकीच्या पोरी पुदिन्याची घेतात, आंब्याची घेतात," ती म्हणली. "मी हीच घेते. हिला तुमच्या शर्टाचा वास येतो, पप्पा."

मी पाठ फिरवली. तिथं उभं राहून ते बघणं माझ्यानं झालं न्हाई. ह्यांनी तिच्या शेजारी बसून तिचं डोकं छातीशी धरलं, त्या शिट्टीजवळ, अन् दोघं तसेच बसून राह्यले. पोरी गेटमधून आत येऊन राह्यल्या होत्या, बघत होत्या, पण त्या दोघांना त्याचं काही न्हाई.

थोड्या वेळानं मोनानं पँटच्या खिशातून कांडी काढली अन् त्यांच्या हातात दिली. मी हिसकल्या होत्या तेव्हा तिनं इतकं सोपं कधी सोडलं नव्हतं. कांडी हातात आल्याबरोबर ह्यांचा हात आपोआप नाकाकडं निघाला, बावीस वर्षांची सवय. हनुवटीपर्यंत आला. मंग थांबला. त्यांनी हात खाली घेतला आणि न हुंगता ती माझ्याकडं दिली.

मोना डोळे पुसत होती. तिनं विचारलं, "पप्पा, खरंच काय काय असंल त्यात?"

जानेवारीत ह्यांनी बोटांवर मोजून सांगितलं होतं. आता त्यांनी माझ्या मुठीकडं बघितलं.

"मला माहीत न्हाई, बेटा," ते म्हणले. मंग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेतलं आणि मोनाची वेळ घ्यायला सुरुवातीच्या रेषेपाशी जाऊन उभे राह्यले.